नोकरी सोडू का, फादर?



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात जी बोलणी होतात, त्यांत आजारपण, मुलांचे शिक्षण आणि लग्नकार्य यांच्या खालोखाल विषय असतो तो नोकरीचा. "फादर, नोकरी सोडू का?" हा प्रश्न पंचविशीतला तरुण विचारतो, दोन मुलांची आई विचारते आणि निवृत्तीला सात-आठ वर्षे उरलेला गृहस्थही विचारतो. पगार वेळेवर होत असतो. कुणी कामावरून काढलेलेही नसते. तरी "सकाळी उठून गाडी पकडायची म्हटले की नको होते" असे सांगताना आवाज खाली येतो आणि लगेच पुढचे वाक्य येते, "पण असे म्हणणे चूकच ना? कित्येकांना नोकरी नाही, देवाने मला दिली आहे."

त्या दुसऱ्या वाक्याची आम्हांला अधिक काळजी वाटते. मुळात दुःख आहेच, त्यावर अपराधीपणाचे ओझे आणखी. म्हणून या रविवारी हा प्रश्न सावकाश विचारात घ्यावा असे आम्ही ठरवले.

आपल्या भिसेगावच्या माणसाला हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड जातो. कर्जत स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे म्हणून तर अनेकांनी इथे घर केले. इथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १०० किलोमीटर. नोकरी आठ-नऊ तासांची असली तरी दिवस तेरा-चौदा तासांचा होतो. पहाटे निघणारा बाप मुलांना झोपलेले पाहून निघतो आणि रात्री परततो तेव्हाही ती झोपलेलीच असतात. दुसरीकडे खोपोली, खालापूर, रसायनी या पट्ट्यात घराजवळ काम मिळते, पण ते पुष्कळदा कंत्राटी आणि पाळीचे असते. त्यामुळे नोकरीचा विचार हा फक्त ऑफिसचा किंवा कारखान्याचा विचार राहत नाही. घरातली संध्याकाळ, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे, घराचा हप्ता हे सगळे त्यात गुंतलेले असते.

दोन तयार उत्तरे

या प्रश्नाला समाजात दोन तयार उत्तरे मिळतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आम्ही नाही का तीस वर्षे काढली?" मित्रमंडळी म्हणतात, "मन रमत नाही ना? मग दे राजीनामा. आयुष्य एकदाच मिळते." दोन्ही उत्तरे प्रेमापोटीच दिलेली असतात. पण पहिल्या उत्तरात माणसाच्या दुःखाला काहीच किंमत नाही आणि दुसऱ्यात दुःखाशिवाय दुसऱ्या कशालाच किंमत नाही.

आमचे म्हणणे या दोहोंच्या मधले आहे. नोकरीतले दुःख हे साक्षीदारासारखे असते. न्यायालयात साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. त्याला दारातूनच हाकलून दिले तर न्याय होणार नाही. पण त्याची उलटतपासणीही करावी लागते आणि निकाल देण्याचे काम त्याच्यावर सोपवता येत नाही. 'मी इथे सुखी नाही' ही साक्ष झाली. ती कशाविषयीची साक्ष आहे हे शोधणे आपले काम आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळ जण म्हणतात, "हा माझा क्रूस आहे, तो मी वाहिला पाहिजे." क्रूस हा शब्द इतका स्वस्त करू नये. प्रभूने क्रूस उचलला तो इतरांवरील प्रेमापोटी आणि स्वतःच्या इच्छेने. जे दुःख कुणाच्याही भल्यासाठी नाही, केवळ आपण बोलत नाही म्हणून चालू आहे, त्याला क्रूस म्हणता येत नाही. हेरोद बाळाच्या जिवावर उठला तेव्हा संत योसेफ 'देवाची इच्छा' म्हणून बेथलेहेमात बसून राहिला नाही. तो रातोरात उठला आणि बाळाला व मरियेला घेऊन मिसर देशात गेला. त्या निघून जाण्याला ख्रिस्तसभेने कधी भ्याडपणा म्हटलेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक काढले, त्याचा गाभाही हाच आहे की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. म्हणून नोकरी सोडणे हे आपोआप पाप ठरत नाही, तसेच टिकून राहणे हे आपोआप पुण्यही ठरत नाही.

पहिला प्रश्न: इथे माझी किंवा दुसऱ्याची माणुसकी जाते आहे का?

उलटतपासणीतला पहिला प्रश्न हा आहे. त्यासाठी आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातले एक उदाहरण पाहू.

बडोदा संस्थानाने १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला शिकायला पाठवले. शिक्षणानंतर १० वर्षे संस्थानाची नोकरी करायची असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले. हाताशी मोठ्या विद्यापीठांतले शिक्षण होते, पण शहरात राहायला कुणी जागा देईना. कचेरीतले शिपाई हाती कागद न देता दुरून टाकत, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. त्यांनी नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला. काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. एका सार्वजनिक बागेत दुःखी मनाने बसून राहावे लागले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अखेर ते मुंबईला परतले. पुढे १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

या प्रसंगात तराजूच्या एका पारड्यात काय काय होते ते पाहा. करार होता, उपकाराची जाणीव होती, घरची गरिबी होती. दुसऱ्या पारड्यात एकच गोष्ट होती, माणूस म्हणून उभे राहण्याची जागा. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणे की जगात काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या बदली दुसरे काही घेता येते. माणसाला मात्र प्रतिष्ठा असते, आणि तिच्या बदली काहीही घेता येत नाही. पगार ही पहिल्या प्रकारातली गोष्ट आहे. जिथे पगाराच्या मोबदल्यात प्रतिष्ठाच द्यावी लागते, तिथे तो व्यवहारच चुकीचा आहे.

अर्थात साहेब एक दिवस ओरडले किंवा बढती हुकली म्हणजे बडोदा झाले असे नाही. अपमान कधीतरी होतो की त्या कामाचा पायाच अपमानावर आहे, हे पाहावे लागते. कामाच्या ठिकाणी स्त्रीला छळ सोसावा लागत असेल, तर तिनेच मुकाट्याने घरी बसावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी तक्रार समिती नेमणे बंधनकारक आहे, आणि लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची समिती असते. आधी आपल्या माणसाला सांगा, मग तिथे जा. नोकरी जाण्याची पाळी यायचीच असेल तर ती छळणाऱ्यावर यावी.

प्रतिष्ठा फक्त आपलीच नसते. कामाच्या निमित्ताने आपण ज्याच्यासमोर बसतो त्याचीही असते. या संदर्भात संत लूकच्या शुभवर्तमानातले जकातदार आठवावेत. तिसऱ्या अध्यायात जकातदार योहानाकडे येऊन विचारतात, "आम्ही काय करावे?" नोकरी सोडा, असे योहान त्यांना सांगत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच सांगतो. पाचव्या अध्यायात लेवी जकातीच्या नाक्यावरून उठतो आणि सर्व सोडून प्रभूमागे जातो. एकोणिसाव्या अध्यायात जक्कय आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. त्याने पद सोडले की नाही, याविषयी शुभवर्तमान काही सांगत नाही. एकच पेशा आणि तीन माणसांना तीन वाटा!

तेव्हा 'अमुक नोकरी वाईट, ती सोडा' असे सूत्र शुभवर्तमानात शोधू नये. पण एक प्रश्न तिन्ही ठिकाणी आहे. या कामामुळे टेबलाच्या पलीकडच्या माणसाचे काय होते? म्हाताऱ्या माणसाला निरुपयोगी विमा गळ्यात मारायचा, वजनात मारायचे, कारखान्याचे सांडपाणी रात्री नदीत सोडायचे आणि सकाळी वहीवर खोटी सही करायची, असे काम रोज करावे लागत असेल आणि त्यामुळे झोप येत नसेल, तर ती झोप न येणे ही देवाची कृपा समजावी. अशा जागी योहानाचे उत्तर आधी करून पाहावे: इथेच राहून सचोटीने वागता येते का? येत नसेल, तर लेवीचे उत्तर उरते.

दुसरा प्रश्न: दुःख नोकरीत आहे की माझ्यात?

पण सगळेच दुःख अन्यायातून येत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांमध्ये इव्हॅग्रियस नावाचे एक साधू होते. त्यांनी एका विकाराचे मोठे बारकाईने वर्णन केले आहे. ग्रीक भाषेत त्याला 'अकेदिया' म्हणत. भर दुपारी हा विकार संन्याशाला गाठतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. तो पुन्हा पुन्हा खिडकीतून बाहेर डोकावतो. आपली खोली, आपले काम, सोबतचे बंधू सगळ्यांचा वीट येतो. इथे कुणालाच माझी कदर नाही, दुसऱ्या ठिकाणी गेलो तर काम सोपे होईल, असे विचार येऊ लागतात. दुपारी तीन वाजता ऑफिसात घड्याळाकडे पाहणाऱ्याला हे वर्णन सोळाशे वर्षांपूर्वीचे वाटणार नाही!

या विकाराची गोम अशी की जागा बदलली तरी तो सामानासोबत येतो. म्हणून स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. हे दुःख कधी सुरू झाले? नवीन वरिष्ठ आले, बदली झाली, रात्रपाळी लागली, अशा एखाद्या गोष्टीपासून सुरू झाले असेल, तर कारण बहुधा त्या जागेत आहे. पण याआधीच्या दोन नोकऱ्यांतही हीच तक्रार होती का? सुट्टीच्या दिवशी, नाताळात, मुलांमध्ये बसल्यावरही मन असेच सुकलेले असते का? तसे असेल तर राजीनाम्याने ते बरे होणार नाही. कधी कधी हा आजारच असतो. मधुमेहाला जसे औषध लागते तसे मनाच्या आजारालाही लागते. त्यात लाज कसली? शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून समुपदेशकाशी बोलता येते. जगणेच नको वाटू लागले असेल तर नोकरीचा विचार बाजूला ठेवून आधी तो फोन करावा, किंवा रात्री कितीही वाजता आमच्याकडे यावे.

मोठमोठे ग्रंथ लिहिणारे संत थॉमस अक्वायनस दुःखावरचे उपाय सांगताना रडणे, मित्रांची सोबत आणि सत्याचे चिंतन यांबरोबर झोप आणि स्नान हेही उपाय सांगतात, हे वाचून सेमिनरीत आम्हां विद्यार्थ्यांना हसू येत असे. आता चार-साडेचार तास लोकलमध्ये उभ्याने काढणाऱ्यांना पाहिल्यावर संतांचे शहाणपण पटते. तेव्हा निर्णयाआधी आठवडाभर रजा मिळत असेल तर घ्यावी आणि पोटभर झोपावे. त्यानंतरही नोकरी तितकीच नकोशी वाटली, तर ती साक्ष पक्की समजावी.

तिसरा प्रश्न: किंमत कोण मोजणार?

ज्यांची भजने मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाहीत, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात नोकरी सोडण्याचे दोन प्रकार पाहायला मिळतात. तरुणपणी ते एका गावी, एका कामात फार काळ स्थिरावत नसत. मन उडाले की निघाले, असा स्वभाव. मागे संसाराची बोचकी बांधणाऱ्या लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ते दिवस विनोदाने रंगवले आहेत. त्या विनोदाखाली त्यांचे हाल लपत नाहीत. पुढे १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. त्यामागे अनेक वर्षांची तळमळ होती. ख्रिस्ताचा संदेश पगारी चाकरीच्या चौकटीबाहेर, आपल्या मातीच्या रीतीने सांगावा, यासाठी त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' उभारला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे त्या कामाला जेमतेम दोन वर्षे मिळाली. तरी ती नोकरी सोडली ही चूक, असे कुणी म्हणत नाही.

दोन्ही वेळा सोडणारा माणूस तोच होता. फरक असा की पहिल्या प्रकारात तो कशापासून तरी दूर जात होता, आणि दुसऱ्यात कशाकडे तरी जात होता. मात्र दोन्ही वेळा घर त्याच्याबरोबर ओढले गेले, हे लक्ष्मीबाईंमुळे आपल्याला विसरता येत नाही.

म्हणून राजीनाम्याचे पत्र देण्याआधी ते घरी वाचून दाखवावे. ज्यांना किंमत मोजायची आहे त्यांना निर्णयानंतर कळवणे हा अन्याय आहे. बायकोला, नवऱ्याला, कळत्या मुलांना आकडे सांगावेत: हप्ता किती, शिल्लक किती, किती महिने चालेल. पुष्कळदा घरच्यांचे उत्तर आपल्याला वाटते त्याहून मोकळे असते. "कमी खाऊ, पण तुम्ही रात्री माणसासारखे घरी या," असे म्हणणाऱ्या बायका आपल्या धर्मग्रामात आहेत. हिशेबही नीट पाहावा. नोटिशीची मुदत, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी हे विसरू नये. कायम कामगाराला साधारणपणे सलग ५ वर्षांच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. साडेचार वर्षे सोसले असेल आणि जिवावर बेतत नसेल, तर सहा महिने थांबण्यात शहाणपण आहे.

ॲरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या जहाजाचे उदाहरण दिले आहे. जहाजावरचा माल कुणीही आनंदाने समुद्रात फेकत नाही. पण जहाजावरची माणसे वाचवायची तर समजदार माणूस तो फेकतो. नोकरी सोडणे पुष्कळदा असेच असते. त्यात आनंद असलाच पाहिजे असे नाही. मात्र वादळ खरे आहे का, आणि फेकतो आहोत तो मालच आहे ना, जहाजावरचे माणूस नाही ना, हे पाहिले पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांगतो. कित्येक जण नको असलेली नोकरी धरून बसतात ते घरच्यांसाठी नव्हे, तर 'ही गेली तर मी कोण?' या भीतीने. रसायनीचा हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना आपल्या भागातल्या अनेक घरांचा आधार होता. २०१७ साली केंद्र सरकारने तिथले बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या जागेला लोक जन्मभराची समजत होते, तीच उठून गेली. पण त्या कारखान्यातला माणूस कुणाचा बाप, कुणाचा शेजारी होता, तो राहिलाच. हे आधीच ओळखले तर धरून ठेवणेही सोपे जाते आणि सोडणेही.

सोडणे आणि सोसणे यांच्या मधली वाट

'सोडू की राहू' असे विचारताना आपण दोनच वाटा आहेत असे धरून चालतो. आपल्याच तालुक्यातल्या माथेरानने तिसरी वाट दाखवली आहे. तिथे वाहनांना बंदी असल्याने माणसांना बसवून हाताने रिक्षा ओढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. चढावर पुढून ओढायचे, मागून ढकलायचे, उतारावर सगळे वजन अंगावर घ्यायचे. त्या कामात सुख कुठून असणार? पण सोडून जायचे कुठे? तेव्हा रिक्षावाल्यांच्या संघटनेने मागणी केली की आम्हांला हेच काम माणसासारखे करू द्या, ई-रिक्षा चालवू द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२२ साली प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षाची प्रथा मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणारी ठरवली, ती सहा महिन्यांत बंद करावी आणि रिक्षावाल्यांचे पुनर्वसन करावे असा आदेश दिला.

त्या माणसांनी आपले दुःख गिळले नाही आणि पाठ फिरवून निघूनही गेले नाहीत. चौघांनी मिळून ते मोठ्याने सांगितले. आपल्यापैकी किती जणांनी राजीनाम्याचा विचार करण्याआधी एकदा तरी पाळी बदलून मागितली आहे? दुसऱ्या विभागात बदली मागितली आहे? सोबतच्यांना "तुम्हांलाही हेच होते का?" असे विचारले आहे? न मागताच 'मिळणार नाही' असे ठरवून सोडणे, हे मागून नकार मिळाल्यावर सोडण्यासारखे नाही.

आणि ज्यांना सोडताच येत नाही अशी माणसेही आपल्या शेजारी आहेत. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नसते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबावे लागणे ही सुद्धा सक्तीच आहे. 'नको असेल तर सोडून जा' हे वाक्य त्या माणसाला लागू पडत नाही. आपल्या धर्मग्रामात जे घरकामाला बाई, बागेला माळी, बांधकामाला मजूर ठेवतात, त्यांनी आज स्वतःला विचारावे: आपल्याकडे काम करणाऱ्याला उद्या 'येत नाही' म्हणायचे झाले तर म्हणता येईल का? की दिलेल्या उचलीने आपण त्याला बांधून ठेवले आहे? ज्याला सोडता येते त्यालाच राहण्याचा निर्णय घेता येतो. हे स्वातंत्र्य आपण स्वतःसाठी मागतो, तर दुसऱ्यालाही दिले पाहिजे.

निर्णय कसा घ्यावा?

लोयोलाचे संत इग्नेशियस १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत जखमी होऊन अंथरुणाला खिळले, तेव्हा दिवसभर मनोराज्ये करत. कधी शूर सरदाराची, कधी संतांच्या जीवनाची. दोन्ही मनोराज्ये रंगात असताना गोड वाटत. पण पहिले संपले की मन कोरडे पडे आणि दुसरे संपल्यावरही समाधान रेंगाळत राही. या लहानशा निरीक्षणातून त्यांची विवेकाची सगळी शिकवण उभी राहिली. आपणही तसे करून पाहावे. लोकलमध्ये बसून राजीनाम्याचे स्वप्न रंगवतो तेव्हा छान वाटतेच. साहेबांच्या टेबलावर पत्र आपटतो, सगळे बघत राहतात! पण ते चित्र सरल्यावर, कर्जतला उतरून घरी चालत जाताना मनात काय उरते? फक्त राग विझल्याची राख उरत असेल तर थांबावे. शांतता उरत असेल, आणि ती आठवडे गेले तरी टिकत असेल, तर तिच्याकडे लक्ष द्यावे.

त्यांची दुसरी सूचना अशी की मन खिन्न असताना, शांतपणी घेतलेला निर्णय बदलू नये. याचा अर्थ जन्मभर थांबावे असा नाही. जिथे जिवाला, शीलाला धोका आहे तिथून तर लगेच निघावे. पण एरवी भांडणाच्या संध्याकाळी राजीनामा लिहू नये, एवढे पथ्य पाळावे. तिसरी सूचना आम्हांला फार उपयोगी वाटते. आपल्याच परिस्थितीतला एखादा अनोळखी माणूस समोर आला आहे आणि आपल्याला त्याचे फक्त भले हवे आहे असे समजावे. त्याला आपण काय सल्ला देऊ? तोच स्वतःला द्यावा. दुसऱ्याला आपण 'सोस' असे इतक्या सहज म्हणत नाही, आणि 'उद्याच सोड' असेही इतक्या सहज म्हणत नाही.

हे सगळे करूनही कुणी नोकरी सोडली आणि पुढचे सहा महिने कठीण गेले, तर त्या घराकडे 'बघा, सांगितले होते' अशा नजरेने पाहू नये. कुणी विचारपूर्वक टिकून राहिला, तर त्याला भित्रा म्हणू नये. नोकरी नसलेल्याला मिस्साला यायची लाज वाटते, लोक काय विचारतील म्हणून तो मागच्या बाकावरून निघून जातो, हे आम्ही पाहिले आहे. त्याला "सध्या काय करतोस?" असे विचारण्यापूर्वी "कसा आहेस?" असे विचारू या. कुणाच्या कारखान्यात, दुकानात, ऑफिसात जागा निघाली तर चर्चच्या कचेरीत कळवावे. गरजूपर्यंत ती पोहोचवणे आम्ही आमचे काम समजतो.

आणि ज्यांच्या मनात हा प्रश्न घोळतो आहे, त्यांनी एकट्याने घोळवत बसू नये. या, बोलू. उत्तर आम्ही देणार नाही, कारण ते आमचे नाही. पण साक्षीदाराचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत तुमच्याबरोबर बसून ऐकू.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू